२१९ सामने, शून्य गोल

अमेरिकेच्या महिला फुटबॉल संघाकडून बेकी सॉअरब्रन २१९ आंतरराष्ट्रीय सामने खेळली. गोल किती? एकही नाही. दोन विश्वचषक, एक ऑलिंपिक सुवर्ण, संघाचं कर्णधारपद, आणि गोलच्या रकान्यात शून्य. २०२४च्या डिसेंबरात तिने निवृत्ती जाहीर केली. हा आकडा गंमत म्हणून सांगण्यासारखा आहे खरा, पण सेंटर बॅकच्या, म्हणजे गोलसमोर मधोमध उभ्या राहणाऱ्या बचावपटूच्या, कारकिर्दीचं याहून नेमकं वर्णन मला तरी सापडलेलं नाही. गोल करणं हे तिचं काम नव्हतंच, तो होऊ न देणं हे होतं. आणि जे घडलंच नाही, त्यासाठी आपल्याकडे रकाना नाही.

२०१५चा विश्वचषक घ्या. व्हँकूव्हरच्या अंतिम सामन्यात कार्ली लॉइडने पहिल्या सोळा मिनिटांत तीन गोल ठोकले. त्यातला एक तर तिने थेट मध्यरेषेवरून मारला. जपान ५-२ असा हरला आणि ती स्पर्धा कायमची लॉइडच्या नावावर चढली. त्यात गैर काही नाही. पण संघ अंतिम फेरीपर्यंत आला कसा? सलामीला ऑस्ट्रेलियाने एक गोल केला. त्यानंतर स्वीडन, नायजेरिया, कोलंबिया, चीन आणि जर्मनी अशा पाच संघांना अमेरिकेच्या जाळ्यात चेंडू घालता आला नाही. सात सामन्यांत मिळून अमेरिकेवर तीनच गोल झाले, आणि सॉअरब्रन त्या सातही सामन्यांत पूर्ण वेळ मैदानावर होती. शेवटी बक्षिसं वाटली गेली तेव्हा सर्वोत्तम खेळाडूचा सोन्याचा चेंडू लॉइडला मिळाला, सोन्याचा हातमोजा गोलरक्षक होप सोलोला. या दोघींच्या मधे उभ्या राहिलेल्या चौघी बचावपटूंसाठी बक्षीसच नव्हतं. ते आजही नाही.

अंतिम सामन्यात गोलफलकावर अमेरिकेच्या एका बचावपटूचं नाव मात्र लागलं. ज्युली जॉन्स्टनचं, तेही स्वयंगोलसाठी.

माझं म्हणणं असं आहे की महिला फुटबॉलने पुरुषांच्या फुटबॉलकडून नियम घेतले, मैदानाची मापं घेतली, आणि त्यांच्याबरोबर कौतुकाची मोजपट्टीही जशीच्या तशी उचलली. नियम घेण्याला पर्याय नव्हता. मोजपट्टीला होता. वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला मिळणाऱ्या बॅलन डी'ओर पुरस्काराची पुरुषांसाठी सुरुवात १९५६ची. इतक्या वर्षांत तो पुरस्कार मिळालेले बचावपटू तिघंच: बेकेनबाउअर दोनदा, मग १९९६ मध्ये झामर आणि २००६ मध्ये कॅनावारो. महिलांसाठी हा पुरस्कार २०१८ मध्ये सुरू झाला आणि तो आजवर एकाही बचावपटूला मिळालेला नाही. २०२५ मध्ये महिलांसाठी आणखी तीन पुरस्कारांची भर पडली. एक सर्वोत्तम गोलरक्षकाचा, दुसरा सर्वाधिक गोल करणारीचा, तिसरा सर्वोत्तम तरुण खेळाडूचा. कोऱ्या कागदावर नवी आखणी करण्याची संधी होती, पण जुना नकाशाच गिरवला गेला. त्यातली रिकामी जागासुद्धा तशीच राहिली.

इथे कोणीही इंग्लंडच्या लुसी ब्राँझचं नाव पुढे करील. बरोबरच आहे. २०१९ मध्ये ती युएफाची, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाची, सर्वोत्तम महिला खेळाडू ठरली, २०२० मध्ये फिफाची. दोन्ही मान मिळवणारी ती पहिली बचावपटू. ल्यों आणि बार्सिलोना हे क्लब मिळून चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची पाच विजेतेपदं तिच्या नावावर आहेत. पण ब्राँझ कुठे खेळते ते पाहा. ती राइट बॅक आहे, बाजूने सुसाट पुढे जाणारी. २०१९च्या विश्वचषकात नॉर्वेविरुद्ध तिने लांबून मारलेला गोल ज्यांनी पाहिलाय ते विसरणार नाहीत. २०२३च्या विश्वचषकात तिसऱ्या क्रमांकाची सर्वोत्तम खेळाडू म्हणून स्वीडनची अमांडा इलेस्टेट निवडली गेली. ती तर खरीखुरी सेंटर बॅक. मग माझा मुद्दा खोटा ठरला? तिने त्या स्पर्धेत चार गोल केले होते. इतक्या गोलांवर एखादी आघाडीची खेळाडूही समाधानाने घरी जाते.

म्हणजे बचावपटू दिसते केव्हा, तर दुसऱ्या कोणाचं काम करते तेव्हा. किंवा स्वतःचं काम चुकते तेव्हा.

या दोन्ही गोष्टी एकाच क्षणात पाहायच्या असतील तर त्याच स्पर्धेचा अंतिम सामना पाहावा. सिडनी, २० ऑगस्ट २०२३. एकोणतिसाव्या मिनिटाला इंग्लंडची ब्राँझ चेंडू घेऊन मैदानाच्या मधल्या पट्ट्यात घुसली आणि तिथे तिने तो गमावला. स्पेनने झटकन चेंडू डावीकडे काढला, आणि ब्राँझ पुढे आल्यामुळे मोकळ्या झालेल्या नेमक्या त्याच जागेत ओल्गा कार्मोना धावत आली. कार्मोना लेफ्ट बॅक. खालच्या कोपऱ्यात गोल, स्पेन जगज्जेते. सामना संपल्यावर कार्मोनाला कळलं की तिचे वडील वारले आहेत, आणि त्या बातमीने तो गोल सगळ्यांच्या मनात आणखी खोल रुतून बसला. एकाच हालचालीत दोन बचावपटू होत्या, एक गोलसाठी लक्षात राहिली, दुसरी चुकीसाठी. उरलेल्या वेळात या दोघींनी बचाव कसा केला, हे आज सांगू शकेल असा माणूस मला तरी भेटलेला नाही.

आकडेवाल्यांकडे यावर तयार उत्तर असतं: टॅकल (समोरच्या खेळाडूच्या पायातून चेंडू काढून घेणं) मोजा, अडवलेले पास मोजा, हवेत जिंकलेले चेंडू मोजा. हा उपाय दिसतो तितका सरळ नाही. जमिनीवर घसरत जाऊन केलेला टॅकल प्रेक्षकांना आवडतो, पण बऱ्याचदा तो आधीच्या चुकीची भरपाई असतो. बचावपटू दोन पावलं आधी योग्य जागी सरकली असती, तर तो पास दिलाच गेला नसता आणि टॅकलची वेळच आली नसती. म्हणजे जितकी चांगली सेंटर बॅक, तितके तिचे काही आकडे कमी. वीस टॅकल करणारी कदाचित वीस वेळा उशिरा पोहोचलेली असते.

मी एकदा एका सामन्याचा अख्खा उत्तरार्ध चेंडूकडे न बघता एकाच सेंटर बॅककडे बघत काढला. मैदानावर बसूनच हे जमतं, कारण टीव्हीचा कॅमेरा चेंडूचा पाठलाग करतो आणि ती बहुतेक वेळ चौकटीबाहेर असते. पहिली दहा मिनिटं कंटाळा आला. मग लक्षात आलं की ती सतत मान वळवतेय. चेंडू, मग पाठीमागची खेळाडू, पुन्हा चेंडू. शरीर कधीच पूर्ण समोर नाही, अर्धं वळलेलं, म्हणजे कुठल्याही बाजूला धावायला वेळ लागू नये. हात सारखा हलतोय, शेजारणीला वर ये, मागे हो, तिला धर. समोरची स्ट्रायकर, म्हणजे आघाडीची खेळाडू, उजव्या पायाची होती, तर हिने तिला दर वेळी डावीकडे ढकललं, अंगाला अंग न लावता, केवळ उभं राहायची जागा बदलून. त्या पंचेचाळीस मिनिटांत तिने दोन टॅकल केले असतील. स्ट्रायकरने गोलच्या दिशेने एकही धड फटका मारला नाही. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तांतात स्ट्रायकरचा ‘दिवस खराब’ होता असं छापून आलं.

तो दिवस कोणी खराब केला?

बाजाराला हे कळतं, एवढं कबूल करायला हवं. २०२५च्या जानेवारीत इंग्लंडच्या चेल्सी क्लबने अमेरिकेच्या नेओमी गिर्माला ११ लाख डॉलर मोजून घेतलं. महिला फुटबॉलमध्ये दहा लाख डॉलरचा आकडा ओलांडणारी ती पहिली खेळाडू, आणि ती सेंटर बॅक आहे. आदल्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकचं सुवर्ण अमेरिकेने जिंकलं ते तिच्या बचावाच्या आधारावर. स्ट्रायकरच्याही आधी सेंटर बॅकने हा टप्पा गाठावा याचा मला मनापासून आनंद झाला. तो विक्रम सहा महिन्यांत मोडला गेला आणि मोडणारी ऑलिव्हिया स्मिथ आघाडीची खेळाडू निघाली, पण ते असो. यातून कळतं ते असं की ज्यांना स्वतःच्या खिशातून पैसे घालायचे असतात, ते प्रशिक्षक आणि क्लब बचावाची किंमत नीट ओळखतात. आंधळेपणा आहे तो कौतुक करणाऱ्यांत: पुरस्कार देणारे, जाहिराती देणारे, वृत्तांत लिहिणारे, आणि आपण प्रेक्षक.

मग बिघडलं कुठे, क्लब तर पैसे देतातच, असं कोणी म्हणेल. गिर्माला देतात. फिफाच्याच २०२४च्या अहवालानुसार जगभरातल्या महिला फुटबॉलपटूंचा सरासरी वार्षिक पगार साधारण १०,९०० डॉलर होता. या पगारात व्यावसायिक हा शब्द कसाबसा टिकून राहतो. खुद्द ब्राँझने कारकिर्दीच्या सुरुवातीला पिझ्झाच्या दुकानात काम केलं आहे. जिथे पगार इतका तुटपुंजा, तिथे बुटांचा करार, जाहिरात, भाषणाचं मानधन ही वरकमाई राहत नाही, ते जगण्याचं साधन होतं. आणि ही कमाई नावाच्या मागे येते. नाव कोणाचं होतं, हे वर सांगून झालं आहे. म्हणून बचावपटूच्या पुरस्काराची मागणी ही मानापमानाची बाब नाही, भाकरीची आहे.

असा पुरस्कार द्यायचा कसा, हा प्रश्न अवघड नाही. टॅकलचे तक्ते बाजूला ठेवा आणि स्ट्रायकरांना विचारा. या मोसमात कोणासमोर खेळायला तुम्हाला सगळ्यात नको वाटलं? या प्रश्नाचं खरं उत्तर त्यांच्याकडेच असतं, आणि एकमेकींबद्दल त्या बऱ्याच प्रामाणिक असतात. युएफाने काही वर्षं प्रत्येक जागेसाठी वेगळा पुरस्कार दिला. २०२० मध्ये वेंडी रेनार आणि २०२१ मध्ये इरेने पारेदेस सर्वोत्तम बचावपटू ठरल्या. म्हणजे ठरवलं तर जमतं.

रेनारचं नाव निघालंच आहे तर थोडं थांबू. मार्टिनीक बेटावरची ही मुलगी किशोरवयात फ्रान्सच्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्राच्या चाचणीत नापास झाली, तिथून ल्योंला गेली आणि २००६ पासून तिथलीच झाली. चॅम्पियन्स लीगची आठ विजेतेपदं तिच्या नावावर आहेत. पण मला तिचं वेगळंच काही आठवतं. २०२३च्या फेब्रुवारीत, विश्वचषक तोंडावर असताना, ‘या व्यवस्थेखाली मी खेळणार नाही’ अशा अर्थाची घोषणा करून ती राष्ट्रीय संघातून बाजूला झाली. महिन्याभरात प्रशिक्षक बदलले गेले, ती परतली, आणि त्या विश्वचषकात ब्राझीलविरुद्ध विजयी गोल तिच्याच डोक्याने झाला. इटलीत सारा गामा हीसुद्धा बचावपटू आणि कर्णधार. तिथली महिला लीग २०२२च्या जुलैपर्यंत कायद्याने हौशी मानली जायची. ती व्यावसायिक व्हावी म्हणून वर्षानुवर्षं बोलत राहिलेल्यांत ती पुढे होती. आणि सॉअरब्रन? समान वेतनासाठी २०१६ मध्ये अमेरिकेच्या महासंघाविरुद्ध तक्रार दाखल करणाऱ्या पाच जणींपैकी ती एक. पुढे खेळाडू संघटनेची अध्यक्षही झाली. २०२२ मध्ये २ कोटी ४० लाख डॉलरवर तडजोड झाली आणि पुरुष-महिलांना समान मोबदल्याचा करार झाला.

पूर्ण मैदान समोर दिसत असल्यामुळे बचावपटूंना संघटना चांगली कळते, असा एक सिद्धांत इथे मांडायचा मोह होतो. पण त्या पाच जणींतल्या बाकी चौघींत दोघी आघाडीच्या, एक मधल्या फळीतली आणि एक गोलरक्षक होती. तेव्हा मोह आवरतो. एवढंच म्हणतो की या बायका मैदानावर ज्या कारणासाठी दिसत नाहीत, त्याच कारणासाठी मैदानाबाहेरही कमी दिसल्या. वाटाघाटीच्या टेबलावर टळलेल्या वाईट गोष्टींचे व्हिडिओ निघत नाहीत.

मातृत्वाचंही तसंच. आज फिफाचा नियम आहे: २०२१ पासून किमान चौदा आठवड्यांची रजा आणि त्या काळात किमान दोन-तृतीयांश पगार. हा नियम येण्याआधी अमेरिकेच्या जॉय फॉसेटने १९९५, १९९९ आणि २००३ या तिन्ही विश्वचषकांत बचाव फळीत मिनिट न् मिनिट खेळ केला, आणि १९९४, १९९७, २००१ मध्ये तीन मुलींना जन्म दिला. या तारखा शेजारी ठेवून वाचल्या की नियम किती उशिरा आला ते कळतं.

आता शरीराबद्दल, कारण बचावपटूच्या कारकिर्दीचा खरा हिशेब तिथे लागतो. स्ट्रायकर कधी वळायचं हे स्वतः ठरवते. बचावपटूला तिच्या मागे वळावं लागतं, दुसरीच्या वेळेवर, तेही पूर्ण वेगात. गुडघ्यातला एसीएल हा स्नायुबंध फाटण्याचं प्रमाण महिला फुटबॉलपटूंमध्ये पुरुषांपेक्षा कैक पट जास्त आहे. तरी त्यांचे बूट कित्येक वर्षं पुरुषांच्या पायाच्या साच्यावर बेतले जात होते. इंग्लंडची कर्णधार आणि बचावपटू लिया विल्यमसन याच दुखापतीने २०२३च्या विश्वचषकाला मुकली.

२०२५च्या युरो स्पर्धेत ब्राँझ नडगीच्या हाडाला तडा गेलेला असताना अगदी शेवटच्या सामन्यापर्यंत खेळली. स्वीडनविरुद्ध संघ दोन गोलांनी मागे असताना तिने हेडरने, म्हणजे डोक्याने, गोल केला, मग निर्णायक पेनल्टीही मारली. अंतिम सामन्यानंतर हाडाची बातमी सांगितली तेव्हा जगभर वाहवा झाली. मीही अवाक झालो. मग अस्वस्थ झालो. ब्राँझ तेव्हा तेहतीस वर्षांची, नावलौकिक मिळवलेली, आपलं शरीर ओळखणारी होती. तो निर्णय तिचा. पण ज्या खेळाडूचा करार एका मोसमाचा आहे, जिच्या जागेवर दुसरी तयार बसली आहे, ती या वाहवेतून काय शिकेल? दुखत असताना ‘नाही’ म्हणण्याचं धैर्य आपल्या कौतुकाच्या यादीत अजून आलेलं नाही.

आणि हाड जुळतं. डोक्याचं तसं नाही. ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंचा मोठा अभ्यास केला. २०१९ मध्ये त्यांनी दाखवलं की स्मृतिभ्रंशासारख्या मेंदूच्या आजारांनी मृत्यू येण्याचं प्रमाण या खेळाडूंत इतरांपेक्षा साधारण साडेतीन पट आहे. २०२१ मध्ये त्याच गटाने खेळण्याच्या जागेनुसार आकडे वेगळे काढले. गोलरक्षकांत फारसा फरक आढळला नाही. बचावपटूंना असा आजार होण्याचा धोका मात्र जवळपास पाचपट निघाला. आश्चर्य वाटू नये. लांबून आलेला उंच चेंडू डोक्याने परतवणं हे सेंटर बॅकचं रोजचं काम आहे, सामन्यात आणि त्याहून जास्त सरावात.

हे सगळे पुरुष होते. स्त्रियांनी व्यावसायिक फुटबॉल खेळायला लागून एवढा काळच लोटलेला नाही की तसा अभ्यास व्हावा. आज जी पिढी पूर्ण वेळ पगारी खेळतेय, रोज सराव करतेय, तिच्या म्हाताऱ्या वयातले आकडे यायला तीसेक वर्षं लागतील. तोवर थांबायचं, की पुरुषांच्या आकड्यांवरून शहाणं व्हायचं? इंग्लंडमध्ये प्राथमिक वयाच्या मुलांना सरावात हेडर शिकवू नये असं २०२० पासून ठरलं. प्रौढांच्या सरावातही जोरदार हेडर आठवड्याला दहापेक्षा जास्त नकोत, असा सल्ला २०२१ मध्ये आला. पण सल्ल्याचा हिशेब कोण ठेवतं? माझी मागणी साधी आहे. प्रत्येक व्यावसायिक महिला क्लबने सरावातल्या हेडरची नोंद ठेवावी, ती खेळाडूच्या वैद्यकीय कागदपत्रांत जावी, आणि निवृत्तीनंतर मेंदूच्या तपासणीचा खर्च लीगने उचलावा. गोल मोजायला जी यंत्रणा लागते, त्याहून फार मोठी यंत्रणा याला लागणार नाही.

ब्रँडी चॅस्टेन सगळ्यांना आठवते ती १९९९च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातली शेवटची पेनल्टी मारणारी म्हणून. रोझ बोल मैदान, नव्वद हजारांवर प्रेक्षक, डाव्या पायाचा फटका. ती बचावपटू होती हे अनेकांना सांगावं लागतं. त्या पेनल्टीआधी एकशेवीस मिनिटं चीनला गोल करू दिला गेला नव्हता, हेही. २०१६ मध्ये तिने जाहीर केलं की मृत्यूनंतर आपला मेंदू संशोधनासाठी द्यावा. तिची ती पेनल्टी आज कोणीही, केव्हाही पुन्हा पाहू शकतं. आयुष्यभरात तिने किती चेंडू डोक्याने परतवले, ते कोणी मोजलेलं नाही.